चाळिसाचा दगड

इतेन,
१० जानेवारी १९९८

किमुगे दादाला चामगे,

तुझं नोव्हेंबरचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण आपली पत्रं शाळेच्या टपालपेटीत येतात आणि पेटीची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात बसून सुटीत मोंबासाला गेली होती. आई बरी आहे. लाल गायीला कालवड झाली.

आता कामाचं. चेबी मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकाचं ऑपरेशन एल्डोरेटला झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. छावणीतली मंडळी धावतात तेव्हा पिकअपमध्ये ते माझ्या शेजारी बसतात, पण पुढे दिसतंय ते धावणारं माणूस आहे की कुंपणाचा खांब, हे मला विचारतात. गेल्या सोमवारी त्यांनी मला घरी बोलावून चहा दिला आणि म्हणाले, हॉलंडच्या एप्रिलमधल्या मॅरेथॉनला जेमेलीचं नाव पाठवायचं की नाही, हे तू ठरव. पाच वर्षं घड्याळ तुझ्या हातात आहे. वीस फेब्रुवारीपर्यंत कळवायचं आहे.

जेमेली तू गेल्यावर आमच्याकडे आली. मारकवेतकडची, सत्तावीस वर्षांची. सहा वर्षांची मुलगी आहे, ती आजीकडे असते. अर्ध्या मॅरेथॉन पाच धावली, त्यांतल्या दोन जिंकली. पूर्ण एकही नाही. मास्तरांचा नियम तुला पाठ असेल. चर्चच्या फाटकापासून चाळिसाच्या दगडापर्यंत, चाळीस किलोमीटर, वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा धावायचं, दर वेळी आधीपेक्षा जलद, आणि शेवटी चहाचा कप उभ्यानेच प्यायचा, चेहरा न हलवता. तिची तिसरी फेरी शनिवारी झाली. दोन तास चोवीस मिनिटं. चहा पिता पिता तिने मलाच विचारलं, "घड्याळवाले, धावले मी, आणि घाम तुम्हाला का?"

सगळे म्हणतात ती तयार आहे. मला मात्र ते कागदावर लिहिता येत नाही. पहिली मॅरेथॉन चुकली तर माणूस पुन्हा उभं राहत नाही, हे मी पाहिलं आहे. आपल्या घरात ती धावलेला तू एकटाच. चार वर्षांत आपण त्याबद्दल बोललो नाही आणि आताही मी विचारलं नसतं. पण मला दुसरं कोण आहे? माणूस तयार आहे हे कशावरून ओळखायचं? तू तयार होतास का?

तुझा
एल्काना


केरिचो, चहाचा मळा,
१९ जानेवारी

चामगे एल्काना,

पोहायचं कसं हे तू बुडालेल्याला विचारतो आहेस. मास्तरांचे डोळे गेले, तुझी अक्कल कुठे गेली?

मी इथे वजनकाट्यापाशी बसतो. बायका पाठीवरच्या टोपल्या उतरवतात, मी आकडा सांगतो, त्या मला शिव्या देतात. बरं चाललं आहे. कालवडीचं ऐकून आनंद झाला.

एकच सांगतो. तिच्या चेहऱ्याकडे बघू नकोस. पोराचा पुरुष करताना सुंतेच्या सुरीखाली पापणीसुद्धा हलवायची नाही, हे आपण शिकलो. बायकांना ते कुणी न शिकवताच येतं. चेहरा बघून काही कळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट धुवायला बसेल तेव्हा बघ. गुडघे दुमडून बसते की पाय लांब करून, आणि उठताना हात कुठे टेकते. पाय खोटं बोलत नाहीत.

माझं म्हणशील, तर मीही तिन्ही फेऱ्या केल्या होत्या. तिसरी दोन तास तेरा मिनिटं वीस सेकंदांची. मास्तरांनी त्यावरून वेग काढून दिला आणि मी तो सेकंदानेही सोडला नाही. पुढचं सगळ्या इतेनला माहीत आहे. जर्मनीत किमुगेने शर्यत सोडली, जिगर कमी पडली. तेच खरं धरून चाल आणि मला पुन्हा विचारू नकोस.

आईला सांग, स्वेटर मिळाला.

किमुगे


इतेन,
१ फेब्रुवारी

चामगे दादा,

तू विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारत नाही. सांगतो आहे. रागावू नकोस.

काल पुन्हा फेरी होती आणि आज सकाळी मी नळापाशी उगाच सायकल पुसत उभा राहिलो. जेमेली उलट्या डब्यावर बसली, पाय पुढे लांब केलेले. एक बूट धुऊन झाला तरी दुसरा तिने हात लांबवून घेतला नाही, शेजारणीकडे मागितला. हसत होती. उठताना भिंत धरली.

पण सांगायचं ते हे नाही. तुझं पत्र आल्यावर मी जुनी वही काढली. तुझ्या तिसऱ्या फेरीचा भागाकार केला. किलोमीटरला तीन मिनिटं वीस सेकंद. मग त्याच महिन्यातले तुझे मंगळवारचे आकडे पाहिले, शाळेच्या मैदानावरचे, जे मी स्वतः टेपने मोजलं आहे. दादा, मैदानावर तेवढं धावणाऱ्या माणसाला चढउताराच्या रस्त्यावर ही वेळ येऊच शकत नाही. जेमेलीचंही तसंच निघालं. मला वाटलं माझा भागाकार चुकला. तीन वेळा केला. मग वाटलं, दोन मापांतलं एक खोटं आहे.

म्हणून मी रस्ता मोजला. सायकलच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधली. चाकाची एक फेरी दोन मीटर वीस सेंटिमीटर. शंभर फेऱ्या झाल्या की उजव्या खिशातला एक घेवड्याचा दाणा डाव्या खिशात. फाटकापासून दगडापर्यंत सतरा हजार पंचेचाळीस फेऱ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या, सतरा हजार एक्कावन्न. रस्त्यावर लोक विचारत होते, काय हरवलं का रे.

आपण ज्याला चाळीस म्हणतो ते साडेसदतीस आहे.

दगड मास्तरांनी पिकअपच्या मीटरवरून बसवला होता. गॅरेजवाल्या तारुसला सहज विचारलं. तो म्हणाला, त्या सुमारास पिकअपला मूळचे टायर मिळत नव्हते म्हणून लहान बसवले होते. लहान चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर पुढे पळतो.

म्हणजे तुझा वेग तीन मिनिटं वीस नव्हताच, तीन मिनिटं तेहेतीस होता. किलोमीटरमागे तेरा सेकंद. मास्तरांनी तुला ज्या वेगाने पाठवलं तो तुझा नव्हता. आणि चार वर्षं लोक म्हणतात जिगर कमी पडली. मी पण म्हणालो होतो. एकदा, चहाच्या टपरीवर. तुला माहीत नाही.

कुणाला सांगितलेलं नाही. सातवीत शाळा सोडलेला मी चेबी मास्तरांना कसं सांगू की तुमचा दगड चुकीच्या जागी आहे? "तयार नाही" एवढंच लिहून पाठवलं तर कुणाचाच अपमान होणार नाही. असं चालेल का?

एल्काना


केरिचो,
१२ फेब्रुवारी

एल्काना,

तुझं पत्र आठ दिवस खिशात होतं. एकदा ते भट्टीत टाकायला निघालो होतो.

कुणी सांगितलं होतं तुला मोजायला? मी त्या रस्त्यावरून उठलो, इथे आलो, माझं जमलं होतं. एखाद्याला वाटत असतं की आपलाच दोष होता, आणि त्या वाटण्यावर तो घर बांधून राहतो. तू पाया उकरलास.

टपरीवरचं मला माहीत होतं. त्याच आठवड्यात कळलं होतं.

माझ्यासाठी मास्तरांना काही सांगू नकोस. पण तिच्यासाठी सांगावं लागेल. "तयार नाही" लिहिशील, मग पुढच्या वर्षी त्याच दगडावरून तिला पुन्हा वेग काढून देतील आणि पाठवतील. अपमान कुणाचा होईल याची तुला फार काळजी आहे. ती परक्या गावात एकटी पडेल, त्याची काळजी कर.

किमुगे


इतेन,
१८ फेब्रुवारी

दादा,

सांगितलं.

रविवारी चर्चनंतर गेलो. बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं आणि तेच वाचलं. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, सायकल आण. मी चालवायची आणि ते मागून पिकअपमध्ये बसून येणार, दाणे त्यांच्या खिशात. सगळं अंतर. शंभर झाल्या की मी घंटी वाजवायचो आणि ते दाणा हलवायचे. दगडापाशी त्यांनी दाणे मोजले, बोटांनी चाचपून, दोनदा. एकशे सत्तर. मग दगडावर हात ठेवला. म्हणाले, "किमुगेला माहीत आहे?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलंडला फोन करून मुदत पंधरा मार्चपर्यंत वाढवून घेतली आणि जेमेलीला बोलावलं. म्हणाले, जायचं तर जा, पण पुढच्या घोळक्याबरोबर नाही. किलोमीटरला पंधरा सेकंद सावकाश, आपलं आपण.

ती आधी हसली. मग तिला कळलं की हे खरं आहे. म्हणाली, "रस्ता लहान निघाला म्हणून मी लहान झाले का?" मास्तर म्हणाले, तसं नाही. तर म्हणाली, "मागे राहायला एवढ्या लांब कशाला जायचं? मागे मी इथेही राहू शकते." मग माझ्याकडे वळली. "आणि हे घड्याळवाले. बारा किलोमीटर तरी धावले आहेत का कधी? गाडीत बसून माझे पाय मोजतात."

ती म्हणाली ते खरंच आहे.

आता ती अडून बसली आहे. पुढच्यांबरोबर, नाहीतर जाणारच नाही. आणि मला भीती वाटते की मास्तर "बरं" म्हणतील आणि तिकडे गेल्यावर ती पहिल्याच किलोमीटरला पुढे घुसेल. तिला थांबवायला तिथे कोण असणार? माझं ती ऐकणार नाही. धावलेल्या माणसाचं ऐकेल.

तू म्हणालास की तुझ्यासाठी काही सांगू नकोस, म्हणून तुला मागतानाही लाज वाटते. पण तिला लिहिशील का? काय झालं होतं ते?

एल्काना


केरिचो,
२५ फेब्रुवारी

जेमेली,

तुम्ही मला ओळखत नाही. मी एल्कानाचा मोठा भाऊ. त्याला सांगा हे तुम्हाला वाचून दाखवायला. अडखळला तर तुम्ही वाचा.

पहिले वीस किलोमीटर मला वाटत होतं की ही शर्यत फार सोपी आहे आणि लोक उगाच भितात. आम्ही नऊ जण होतो. थंडी होती, नदीकाठचा सपाट रस्ता. मी दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष ठेवत होतो आणि त्यांचा श्वास मला माझ्यापेक्षा जड वाटत होता. पंचविसाव्याला सात राहिलो. तेव्हाही मास्तरांनी दिलेला वेग सुटला नव्हता.

तिसाव्यानंतर माझ्या हाताची बोटं गार पडली. पाय नाही, बोटं. पाण्याचा पेला घेतला तो धरता येईना. मग पुढच्या माणसाची पाठ जरा लांब दिसायला लागली. मी वेग वाढवतो आहे असं मला वाटत होतं आणि पाठ लहान होत होती. मी डोळे मिटले, की तेवढ्यात ती जवळ येईल. आली नाही.

चौतिसाव्याला मी तुमच्या-माझ्या भाषेत मोठ्याने बोलत होतो. कुणाशी ते आठवत नाही. डावी मांडी दगडासारखी झाली आणि मी थांबलो.

मी घाबरट नव्हतो. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला जे सांगितलं ते मी केलं, आणि जे सांगितलं ते चूक होतं. तुम्हाला आता बरोबर सांगणारा माणूस मिळाला आहे. त्याला धावता येत नाही, पण तो चाकाच्या सतरा हजार फेऱ्या मोजतो, दोनदा.

किमुगे


इतेन,
१ मार्च

दादा,

शनिवारी चहाच्या वेळी वाचलं. सगळे होते, मास्तरही. मी अडखळलो तेव्हा जेमेलीने कागद घेतला आणि शेवटपर्यंत तिनेच वाचला.

मास्तरांचा चहा तसाच राहिला. जेमेलीने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, मागची बाजू बघितली. मग मला विचारलं, "पुढे?"

मी म्हणालो, पुढे काही नाही, एवढंच आहे.

ती म्हणाली, "चौतिसाव्याला थांबले. मग आठ किलोमीटर राहिले होते. तिथे काय केलं त्यांनी? बसले? गाडीत चढले? मी थांबले तर काय करायचं हे मला कुणीच सांगत नाही. जिंकले तर काय करायचं ते सगळे सांगतात."

तुला मी कधी विचारलंच नाही. तुला तिकडे नेणाऱ्या एजंटाने फोनवर "सोडली" असं कळवलं होतं, तेच मी वहीत लिहिलं होतं.

एल्काना


केरिचो,
६ मार्च

एल्काना,

तिला सांग, मी चाललो.

आधी बाजूच्या लोखंडी कठड्याला धरून. एका म्हातारीने मला अर्धं केळं दिलं आणि काहीतरी विचारलं, मी मान हलवली. माणसं भरलेली एक बस हळू शेजारून जात होती, थांबलेल्यांना घेणारी. ड्रायव्हरने दार उघडलं. मी हात केला की जा. पुढच्या चौकात तो पुन्हा थांबला. पुन्हा हात केला. मग जाड माणसं, म्हातारी माणसं, डोक्यावर सशाचे कान लावलेला एक, सगळे मला ओलांडून गेले. काहींनी पाठीवर थाप मारली. मला ती तेव्हा चाबकासारखी लागली.

पोचलो तेव्हा कमानीवरचं घड्याळ काढून नेलं होतं आणि दोन माणसं कठडे गाडीत भरत होती. त्यांतल्या एकाने माझ्या छातीवरचा नंबर बघितला आणि भराभर एक पदक शोधून आणलं. एजंट जिंकलेल्यांना घेऊन निघून गेला होता. मी हॉटेलात आलो तोवर इतेनला फोन गेला होता.

आल्यावर तुम्ही सगळे म्हणालात, सोडलीस. मी हो म्हणालो. चेबी मास्तरांच्या छावणीतला माणूस सशाचे कान लावलेल्याच्या मागून चालत आला, हे सांगण्यापेक्षा सोडली म्हणणं बरं वाटलं. सोडणाऱ्याची थोडी तरी इज्जत राहते. चालणाऱ्याची काय राहते?

असं मला तेव्हा वाटलं होतं. तिने विचारलं म्हणून लिहिलं. इतक्या वर्षांत विचारणारी ती पहिली.

किमुगे


इतेन,
१४ मार्च

चामगे दादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते आधी एकट्याने वाचलं आणि मग सगळ्यांसमोर. या वेळी अडखळलो नाही.

मास्तरांनी पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा झाल्यावर ते उठून उभे राहिले. त्यांना आमचे चेहरे नीट दिसत नाहीत, म्हणून ते जरा भलतीकडेच बघून बोलले. म्हणाले, "ऐका. किमुगेने शर्यत पूर्ण केली होती. चुकीचा वेग मी दिला आणि त्याने न विचारता तो पाळला. त्याच्याबद्दल या छावणीत जे बोललं गेलं, ते सगळ्यात आधी मी बोललो होतो." मग खाली बसले. ते तुला पत्र लिहायचं म्हणतात, पण डोळ्यांमुळे मला सांगून लिहवून घ्यावं लागेल आणि ते त्यांना नको आहे. दुसरा डोळा झाला की स्वतः लिहितील.

शुक्रवारी आम्ही अडीच किलोमीटर पुढे नवा दगड बसवला. जुना तिथेच ठेवला आहे, त्याच्यावर गुरं अंग घासतात. आज जेमेली नव्या दगडापर्यंत धावली. पहिल्या चढालाच पुरुषांचा घोळका पुढे गेला. मी गाडीतून बघत होतो. तिचे खांदे वर आले, आता ही मागे लागणार असं मला वाटलं, आणि मी गाडीचं दार घट्ट धरलं. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खांदे खाली सोडले. मग सगळं अंतर एकटी. जुन्या दगडानंतर तिचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि तिने तो होऊ दिला. दगडापाशी आली आणि सरळ गवतावर बसली, बसूनच चहा मागितला. मास्तरांनी मला विचारलं, उभी आहे का? मी म्हणालो, नाही, बसली आहे. म्हणाले, मग चहा तिथेच दे.

दुपारी फॉर्म भरायला बसलो. त्यात अपेक्षित वेळेचा रकाना असतो. आमच्यातले सगळे तिथे खऱ्यापेक्षा जलद वेळ लिहितात, नाहीतर बोलावणं येत नाही. मी थांबलो होतो. जेमेली म्हणाली, "दोन तास बेचाळीस लिहा."

बाकीचे हसले. एक जण म्हणाला, एवढ्या वेळात तर माझी आजी बाजार करून येते. ती म्हणाली, "तुझ्या आजीलाही पाठवा. आम्ही दोघी मागे बोलत येऊ." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लिहा. त्यांना सावकाश वाटत असेल तर त्यांनी बोलावू नये. आणि बेचाळीसनेही झालं नाही, तर बसमध्ये चढणार नाही मी. आधीच सांगून ठेवते."

मी आकडा लिहिला. मास्तर म्हणाले, "एल्काना, लिही आता, ती तयार आहे."

मी तोवर लिहून टाकलं होतं.

एल्काना